डावा स्पीकर

"वायर निघाली असेल," मी म्हणालो आणि सीडी थांबवली.

बारक्या सोफ्याच्या कडेवर बसला होता, गुडघ्यांवर हात घट्ट ठेवून, आता काहीतरी अंगावर आदळणार म्हणून तयारीत बसावं तसा. दुसरं गाणं अर्धं झालं तरी काहीच आदळलं नव्हतं. पियानो वाजत होता. अहो, पियानो! ज्या गायकाची गुरगुर ऐकून आमच्या शेजाऱ्यांनी एकदा पोलिसांना फोन केला होता, तो आता लेकराला झोपवायला बसल्यासारखा गात होता.

"मलाही तेच वाटतंय, दाजी," बारक्या म्हणाला. "गिटार सगळी डाव्या बाजूला टाकली असणार. आणि तुमचा डावा स्पीकर गेलाय."

"गेला म्हणजे काय? मी स्वतः बनवलाय तो."

"म्हणून तर म्हणतोय."

बारक्या म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. केस पिकले, पोट सुटलं, तरी बारक्याच. खरं तर बायकोच्या आधी ओळख त्याची. या बँडची कॅसेट त्याच्याकडे होती, ती मागायला मी त्यांच्या घरी गेलो, दार त्याच्या बहिणीने उघडलं आणि पुढचं सगळं त्या दारातून झालं. तेव्हापासून आमचा एक नियम. नवा अल्बम आला की पहिल्यांदा तो दोघांनी मिळून ऐकायचा, याच खोलीत, याच स्पीकरवर. त्याआधी कोणी चोरून ऐकायचा नाही, आणि शेवटचं गाणं संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. ही कानात कापूस घालून स्वयंपाकघरात जायची. "गिरणी बंद झाली की सांगा रे, मग वाढते," म्हणायची.

गेल्या वर्षी ती गेली. मग बारक्याचं येणं कमी होत गेलं. त्याला दोष देत नाही मी. बहीण नाही त्या घरात माणूस येऊन बसणार तरी किती वेळ? तो भिंतीकडे बघायचा, मी पंख्याकडे. फोनवर मात्र एक वाक्य ठरलेलं असायचं, "अल्बम आला की येतोच, दाजी." त्यामुळे मी या अल्बमची वाट बघत होतो. गाण्यांची नव्हे, त्याची. तो यायचा बंद झाला तर या घराची बेल वाजवायला मीटर बघणाराच काय तो उरला असता.

तर मी हत्यारं घेतली. मी पंप दुरुस्त करणारा माणूस. पाणी चढत नाही म्हटलं की आधी वायर बघायची, मग मोटर, आणि लोकांवर संशय सगळ्यात शेवटी. स्पीकर आडवा घातला, जाळी काढली, चार स्क्रू काढले. बारक्याने आतला जडशीळ भोंगा दोन्ही हातांनी उचलून धरला, आणि मी खाली वाकून वायर ओढून पाहिली. पक्की होती. घड्याळातला सेल काढून त्याला वायरची टोकं लावली, तर भोंग्याचा पडदा टक् करून बाहेर आला.

"जिवंत आहे की," बारक्या म्हणाला. त्याचा आवाज पडला होता.

"थांब. जुनी सीडी लाव बघू एक."

भोंगा स्क्रू न लावताच जागेवर ठेवला आणि बारक्याने जुनी सीडी लावली. पहिल्याच ठोक्याला खिडकीची काच थरथरली. टेबलावरचे कप बशीत नाचायला लागले. बारक्याची मान आपोआप हलायला लागली, आणि हलता हलता थांबली. डावा उजव्यापेक्षा ठणठणीत वाजत होता. मी बटण बंद केलं. दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

"मशीन चांगलं आहे," मी म्हणालो.

"हो ना."

मग नवी सीडी पुन्हा लावली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत नियमाने ऐकली. कुठेतरी मध्ये ढोल जरा जोरात वाजले तेव्हा बारक्या सरसावून बसला, पण ते लगेच मावळले. शेवटच्या गाण्यात तर बासरी होती.

"विकले गेले साले," तो म्हणाला. "ताईला आज कापूस लागला नसता."

मला राग यायला हवा होता. त्याच्या बरोबरीने चार शिव्या हासडाव्यात असं मनात आणून पाहिलं, पण तसं काही येईना. ही गेल्यापासून माझं असंच झालंय. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो ना, तसा मी असतो. आपलाच असतो, पण हात लावला तरी कळत नाही.

बारक्या मोबाइलवर लोकांचं म्हणणं वाचून दाखवत होता. एकाने बँडच्या टी-शर्टची पायपुसणी करून फोटो टाकला होता. दुसऱ्याने विचारलं होतं, आता हे लग्नात वाजवायला जाणार का?

"आणि हे ऐका. गायकमहाशय काय म्हणतात? म्हणे, मला आता ओरडावंसं वाटत नाही."

"नसेल वाटत."

"तुम्ही त्याची बाजू घेताय?"

"बाजू कसली रे," मी म्हणालो. "मलाही नाही वाटत."

बारक्याने मोबाइल खिशात ठेवला. मग हेल्मेट उचललं.

"निघतो, दाजी. पुढचा अल्बम येईल तेव्हा..." म्हणाला आणि तिथेच थांबला. पुढचा तो विकत घेणार नव्हता, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. दारापाशी जाऊन तो बूट घालायला लागला. एक बूट झाला, दुसरा अजून हातात होता.

"या डाव्या स्पीकरचा आवाज जरा फाटतोय," मी म्हणालो.

त्याने मान वर केली. मला खोटं बोलता येत नाही. ही म्हणायची, निदान बोलताना छताकडे तरी बघू नका. मी छताकडेच बघत होतो.

बारक्याने स्पीकरकडे पाहिलं. मघाशी त्याच स्पीकरने खिडकी हलवली होती.

"हो," तो सावकाश म्हणाला. "फाटतोय खरा. मला मघाशीच शंका आली होती."

"मला एकट्याला नाही जमायचं. भोंगा धरायला कोणीतरी लागतं."

"लागणारच. वजन काय कमी आहे का? रविवारी बघू."

"तुला सवड असेल तर. घाई नाही काही."

"रविवारी," तो म्हणाला. एक पाय बुटात आणि दुसरा नुसत्या मोज्यात, तसाच लंगडत आत आला, स्पीकरजवळ वाकला आणि चारांतला एक स्क्रू उचलून खिशात टाकला. "हा राहू दे माझ्याकडे. नाहीतर तुमचं काय सांगावं, एकटेच बसवून मोकळे व्हाल."

तो गेल्यावर मी उरलेले तीन स्क्रू वाटीत ठेवले आणि कप विसळायला घेतले. तसले स्क्रू माझ्या हत्यारांच्या पेटीत मूठभर पडलेले असतात. बारक्याला ते ठाऊक आहे, मघाशी पेटी त्याच्याच पायाशी उघडी होती. मी ती बंद करून कपाटावर ठेवून दिली.