भाषेपुरती दुरुस्ती

"मास्तर, या बाईचं नाव भाषनात कसं आलं?"

बाबुरावशेठनी टाइप केलेले कागद माझ्याकडे ढकलले. नाव मीच घातलं होतं, पण विधान परिषदेत उभं राहून वाचलं त्यांनी. आमदाराला असं तोंडावर कोण सांगणार?

"वाचताना माझ्या ध्यानात न्हाय आलं," तेच म्हणाले. "लोक बाकं वाजवत व्हते."

त्र्याण्णवचा मार्च संपत आला होता. दंगलीनंतरच्या अधिवेशनात सामाजिक सलोखा आणि शिक्षण या विषयावर चर्चा झाली, तिच्यात शेठ वीस मिनिटं बोलले. शेठच्या आज्याचं मिठागर, बापाची भातशेती आणि शेठच्या बिल्डिंगी. परिषदेवर गेल्यापासून तीन वर्षांत त्यांची अकरा भाषणं झाली, अकराच्या अकरा मी लिहिलेली. ते आमच्या शाळेचे अध्यक्ष आणि मी तिथला मराठीचा मास्तर. गिरगाव सोडून मुंबईच्या वेशीबाहेर केबिन रोडला राहायला आलो, तेव्हा नोकरी त्यांनीच दिली होती. पेपरवाले त्यांना 'अभ्यासू आमदार' म्हणायचे. माझी बायको उर्मिला म्हणायची, "तोंड त्यांचं, डोकं तुमचं, आणि मिळतो काय तर अर्धा कप चहा!"

ज्या नावावरून हे चाललं होतं ते शमीम मुकादम. मूळची महाडकडची, मराठी माझ्याहून शुद्ध, नववी-दहावीला गणित शिकवायची. जानेवारीत मुंबई पेटली तेव्हा आम्ही सगळे मास्तर दारं लावून घरात बसलो. ही बाई अकरा दिवस रोज शाळेत आली. शिपाई सदू फाटक उघडायचा आणि येतील तेवढ्या पोरांना ती शिकवायची. हजेरीपुस्तक मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद होतं, म्हणून तिची सही राहून गेली. सगळं निवळल्यावर पुस्तक बाहेर आलं आणि आम्ही एका बैठकीत अकरा दिवसांच्या सह्या ठोकल्या. घरी बसलेला मी अकराही दिवस हजर! तिनं सही करायला पेन उघडलं, तर मुख्याध्यापकांनी पुस्तक काढून घेतलं. मग अकरा दिवस विनापरवाना गैरहजर म्हणून तिला काढलं. तिच्या जागेवर कोण आलं? शेठच्या पुतण्याची, प्रणयची, मेव्हणी.

तेव्हा मी काही बोललो नाही. पण भाषण लिहिताना मला काय सुचलं कोण जाणे, मी तिचं नाव, दिवस, सगळं घातलं. आयुष्यात मर्दुमकी म्हणून केली ती एवढीच. वर बाईला गाठून सांगूनही आलो, "तुमचं नाव सभागृहात गेलंय. आता ते कुणाच्या बापाला पुसता येणार नाही."

सभागृहातलं भाषण टाइप होऊन सदस्याकडे तपासायला येतं. दुरुस्ती भाषेपुरती करायची, मजकुराला हात लावायचा नाही, असा नियम. तेच कागद आता समोर होते.

"काका, ती ठाण्याला अर्ज घेऊन गेलीय," प्रणय खुर्चीच्या हातावर बसून म्हणाला. "शिक्षणाधिकाऱ्याच्या हातात हे पान पडलं तर खल्लास ना! शाळेचा अध्यक्षच सभागृहात बोलतोय की बाई रोज येत होत्या."

"बाई चांगली हाय रे," शेठ म्हणाले. "माझ्या नातीला गनित तिनंच शिकवलं. पन सभागृह मुंबईला हाय, आपल्याला ऱ्हायचंय हितं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पर्यवेक्षकाची जागा जूनला भरायची हाय, मास्तर."

मी पेन काढलं. मूळ वाक्य असं होतं: 'श्रीमती शमीम मुकादम दंगलीच्या अकरा दिवसांत रोज शाळेत आल्या, त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या म्हणून आमची मुलं रस्त्यावर उतरली नाहीत.' मी त्याचं केलं: 'दंगलीतही फळ्यासमोर उभे राहणारे शिक्षक या राज्यात आहेत, म्हणून आपली मुलं रस्त्यावर उतरत नाहीत.' बघणाऱ्याला भाषेचीच दुरुस्ती वाटावी. आणि लाज वाटते सांगायला, पण वाक्य आधीपेक्षा चांगलं झालं.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी शमीमबाई घरी आली. केबिन रोडची भाड्याची खोली मालकानं सोडायला लावली होती, आता ती मीरा रोडला बहिणीकडे राहत होती. उर्मिलानं पाणी दिलं.

"सर, त्या भाषणाचं पान मिळेल का? आता माझ्याकडे दुसरा लेखी पुरावा उरणार नाही."

मी दुरुस्त पानाची झेरॉक्स दिली. तिनं सावकाश, शेवटपर्यंत वाचली.

"छान लिहिलंय. पण यात मी कुठंय?"

"सभागृहाचे नियम असतात, बाई. नावं ठेवत नाहीत."

"कसले डोंबलाचे नियम!" उर्मिला स्वयंपाकघरातून कडाडली. "यांनी स्वतःच्या हातानं खोडलंय. खोटं काय बोलता तोंड वर करून?"

बाई रडेल, शिव्या देईल, असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पान घडी करून मला परत दिलं आणि पिशवीतून पेपरांचा गठ्ठा काढला.

"नववी ब ची घटक चाचणी. त्याच दिवसांत घेतली होती. प्रत्येक पेपरवर मुलांची नावं, तारीख आणि माझी सही आहे."

"अगं, मग हाच पुरावा की!" उर्मिला बाहेर आली.

"हो ना. म्हणूनच जपले होते. झेरॉक्स चालणार नाही म्हणतात. पण सुनावणी जूनमध्ये, आणि हे गुण लागल्याशिवाय मुलांचा निकाल लागणार नाही." तिनं गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. "सुनावणीला हे घेऊन याल तर बघा, सर. नाहीच जमलं, तर निदान गुण तेवढे लावा."



जूनमध्ये सुनावणी झाली. शाळेतर्फे पर्यवेक्षक हजर होते, म्हणजे मी. गठ्ठा शाळेच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात. अधिकाऱ्यांनी विचारलं, "बाई हजर होत्या असा काही कागद शाळेकडे आहे?" मी म्हणालो, "हजेरीपुस्तकात नोंद नाही, साहेब." हे खरंच होतं. भाषा तर मला येतेच.

शमीमबाई माझ्याकडे बघत होती. तिला गठ्ठ्याचं नाव घेता आलं असतं, पण तिनं घेतलं नाही. का घेतलं नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही, अजूनही होत नाही. अर्ज फेटाळला गेला.

बाहेर जिन्याशी तिनं मला थांबवलं. मी मान खाली घातली, आता काय ऐकावं लागेल ते ऐकायचं ठरवून.

"सर, नववी ब चे गुण लागले ना?"

"लागले."

"मोरवा गावची सुलू? ती गणितात अडत होती."

"पास झाली. चाचणीच्या गुणांमुळेच."

"बरं झालं," ती म्हणाली. पदर सारखा केला, आणि कठड्याला धरून सावकाश जिना उतरली.