माणूस निघाला म्हणून

सामना हरला की ज्या घरात भांडीसुद्धा दबकत वाजतात, अशी घरं आपल्यात कमी नाहीत. दातांच्या डॉक्टरांचं घर त्यातलंच. एरवी माणूस लोण्यासारखा मऊ. रविवारी चर्चमध्ये गाणं तेच सुरू करायचे. पण फुटबॉलचा सामना उपासनेच्या वेळेला आला की डॉक्टरांचा घसा हटकून बसायचा! दवाखान्यात बायबलमधल्या वचनाची छोटीशी चौकट दाराआड, आणि समोरच्या भिंतीवर लाडक्या गोलकीपरचा पुरुषभर उंचीचा फोटो. कुणाला कुठे टांगलंय ते जरा बघा, असं बायकोनं एकदा सुचवलं होतं. डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं.

अंतिम सामन्यात त्याच गोलकीपरच्या हातून साधा चेंडू निसटला आणि कप गेला. डॉक्टरांनी फोटो टराटरा फाडला आणि मोबाइलवरून त्याला नको ते लिहून पाठवलं.

त्याच आठवड्यात एक वयस्कर बाई गाल धरून आल्या. दाढ कोरून भरायची होती. भूल दिल्यावर डॉक्टरांचा हात चालू झाला, तशी जीभही सुटली. तो गोलकीपर विकला गेला असणार, आईबापांनी संस्कारच केले नसतील, असल्यांना रस्त्यात तोंड काढू देऊ नये, असं बरंच काही ते बोलले. बाईंच्या तोंडात कापूस. त्या नुसत्या छताकडे बघत होत्या. डोळ्यांतून पाणी ओघळलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय का मावशी?"

काम संपलं. बाईंनी चूळ टाकली आणि त्या बधिर ओठांनी सावकाश म्हणाल्या, "तो माझा मुलगा आहे, डॉक्टर."

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं डॉक्टरांना झालं. बाई रागावल्या असत्या तरी सोसलं असतं. त्या रागावल्याच नाहीत.

"चर्चमध्ये मागच्या बाकावरून मी तुमचं गाणं ऐकते," त्या म्हणाल्या. "'माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत' ही पहिली आज्ञा तुम्हीही लहानपणी पाठ केली असेल. माझ्या लेकराला तुम्ही देव केलंत, त्याला न विचारता. आता तो माणूस निघाला म्हणून त्याला शिक्षा देताय. देवाची जागा दुसऱ्याला दिलीत हे एक पाप. आणि ज्याला दिलीत त्याचाच जीव घेताय, हे दुसरं. तो घराचे पडदेसुद्धा उघडत नाही हो."

भेटायला येऊ का, असं डॉक्टरांनी खाली मान घालून विचारलं. बाईंनी पत्ता सांगितला.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तो बसला होता. फोटोतल्यापेक्षा कितीतरी लहान दिसत होता. दाढी वाढलेली, मोबाइल पालथा ठेवलेला. डॉक्टरांनी माफी मागितली आणि आपणही वाईट लिहिलं होतं, असं कबूल केलं. त्यानं मान वर केली.

"पुष्कळ आलेत. तुमचं कोणतं?"

आता ते तोंडानं सांगणं आलं. त्याचे दोन्ही हात समोर टेबलावरच होते.

"तुझे हात झडू देत, असं लिहिलं होतं मी," डॉक्टर म्हणाले.

आणि ते रडू लागले. ज्या तोंडानं देवाची स्तुती गायली, त्याच तोंडानं हा शाप उच्चारताना त्यांना स्वतःचीच किळस आली. गोलकीपर उठला, त्यानं पाण्याचा पेला भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

पुढच्या रविवारी डॉक्टर चर्चमध्ये मंडळीसमोर उभे राहिले, पण गायले नाहीत. सगळं सांगितलं, ते वाक्यही गाळलं नाही. शेवटी म्हणाले, "खेळ बघा, टाळ्या वाजवा, हरल्यावर हळहळा. पण काळजातली देवाची जागा कुणा खेळाडूला देऊ नका. माणसाला देव केलं की देव तर दुरावतोच, आणि त्या माणसावर माणूस म्हणून प्रेम करायचंही आपण विसरतो."

बाकाबाकांवर कितीतरी माना खाली गेल्या.