तिसरं शून्य

माझ्या लेकीच्या, हरिप्रियाच्या प्रबंधात नुसती शून्यं आहेत, असं मी म्हटलं की ती चिडते. पण आहे ते तसंच. तिच्या समीकरणाचं उत्तर लाटेसारखं खालीवर होत जातं आणि मधली रेघ जिथे ओलांडतं, ती त्याची शून्यं. कितवं शून्य साधारण कुठे पडेल याचं सूत्र तिच्याकडे होतं. पडताळा हवा होता. पंच्याण्णव साली कॉलेजात कॉम्प्युटर एकच, त्यालाही रांग. म्हणून मग घरचा कॉम्प्युटर, म्हणजे आमचे हे, गणिताचे निवृत्त प्राध्यापक सेतुराम.

"अप्पा, तिसरं?" तिनं विचारलं.

कॅल्क्युलेटर दाबत, ओठांत मोजत हे म्हणाले, "सात."

सूत्र दहा म्हणत होतं. चौथं विचारलं, तेही चुकलं. ह्यांनी कॅल्क्युलेटर बाजूला सारला. "मज होत नाही आतां. दुसऱ्या कोणास विचार."

मला अण्णा आठवले. ह्यांचे हे थोरले भाऊ असेच आधी आकड्यांत चुकू लागले आणि शेवटी पोटच्या पोरांना ओळखेनासे झाले. मी उगाच कॉफी करायला उठले.

परत आले तर हरिप्रिया कागदावर वाकलेली.

"अप्पा, डोकं बिघडलं असतं तर चूक वेडीवाकडी पडली असती. ही सगळीकडे सारखी आहे, एक शून्य मागे. तुम्ही मोजता कसे?"

ह्यांनी मोठ्यानं मोजून दाखवलं. रेघ जिथे सुरू होते तिथल्या शून्यावर बोट ठेवून म्हणाले, "लाभ." मग पुढची, "दोन, तीन."

मी कपाळाला हात लावला. ह्यांच्या गावी, पापनाशमला, खळ्यावर भात असाच मापतात, पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. हरिप्रियाच्या सूत्रात सुरुवातीचं शून्य मोजतच नाहीत. ह्यांनी ते लाभात धरलं होतं. एवढा शिकलेला माणूस, पण मोजायला बसला की खळ्यावरच. मला हसू आवरेना.

हे हसले नाहीत. "मज वाटलं, अण्णासारखंच व्हायला लागलं."

"मलाही," मी म्हणाले, आणि हसता हसता मला रडू फुटलं. अण्णांचं पाहिल्यापासून आम्ही दोघं हीच भीती एकमेकांपासून लपवत होतो.

हरिप्रियानं आमच्याकडे पाहिलं नाही. "पाचवं सांगा, अप्पा."

ह्यांनी सांगितलं. मग सहावं, सातवं. प्रबंधाला लागणारी शून्यं केव्हाच संपली होती. ती विचारत राहिली आणि हे सांगत राहिले, दुपारचं जेवण निवेपर्यंत.