हळद लागलेला तंबोरा

मित्रांनो, मी एक जुना तंबोरा आहे. बाकीचे तंबोरे तपकिरी असतात. मी पिवळा आहे, आणि त्याचा मला भारी गर्व आहे.

माझा जन्म वऱ्हाडातल्या अनसिंगचा, सन एकोणीसशे बत्तीसचा. चतुराबाई गावालगत भाजीचा मळा करायची आणि बायकांच्या भजनात गायची. दर वेळी तंबोरा मागून आणावा लागे, आणि देणारा तोंड वाकडं करी. शेवटी तिने मळ्यातला सर्वांत मोठा भोपळा वाळवून जगदेव सुताराला दिला. येत्या रामनवमीला बायका स्वतःच्या तंबोऱ्यावर गाणार होत्या. जगदेवाने तोवर फक्त बैलबंड्या आणि वखरं केली होती. आता तंबोऱ्यालाही चाकं लागणार, अशी गावाने चेष्टा केली.

त्याने मात्र जीव ओतला. भोपळ्याला दांडी जोडली, तोंडावर लाकडाची पातळ तबली बसवली. मग रंगाआधीची तयारी. रंग म्हणजे फडकं फिरवलं की झालं, असं तुम्हाला वाटत असेल. छे! आठ दिवस त्याने मला काचकागदाने घासलं, आधी जाड, मग बारीक. ओलं फडकं फिरवायचं, लाकडाचे तंतू उभे राहिले की पुन्हा घासायचं. तबली इतकी पातळ झाली, की आणखी घासली असती तर माझा आवाजच गेला असता.

रामनवमीला तीन दिवस उरले. रंगासाठी चपडा लाख स्पिरिटात भिजत घालून जगदेव जेवायला गेला. तेवढ्यात त्याची माय प्रयागबाई आली. माझं कोरं, उजळ अंग पाहून तिला भरून आलं. तिने तेलात हळद कालवली आणि माझ्या तबलीवर पाची बोटं ओढली. मला गुदगुल्या झाल्या.

जगदेव परतला आणि त्याने डागावरून बोट फिरवून पाहिलं. तेलावर चपडा धरत नाही, आणि डाग खरवडावा तर तबली जाते.

“माय, हे काय केलं तू?”

“नवरदेवाले हळद लावल्याबिगर मांडवात कोणी नेते काय, बाप्पा?”

पण त्याचा चेहरा पाहून तिला चूक कळली. घाईघाईने ती पदराने पुसू लागली, तसा डाग आणखी पसरला. म्हातारी त्या दिवशी जेवली नाही.

निरोप मिळताच चतुराबाई मळ्यातून धावत आली. मला पाहून ती पोट धरून हसली.

“खरवडू नको, जगदेवभाऊ. आता समद्या आंगालेच हळद लाव.”

जगदेवाने गरम खडूची पूड थापून तेल शोषून घेतलं. हळदीची पुरचुंडी चपड्यात सोडली. मग कापसाचा बोळा भिजवून त्याने मायच्या हाती दिला. पहिला हात तिनेच फिरवला. आता तिच्या ओठांवर हसू होतं.

रामनवमीला मी सोन्यासारखा झळकलो. चतुराबाईचा आवाज लागला आणि चाकांची चेष्टा करणारे पुढे सरकून बसले. त्यानंतर मी पुष्कळ वाजलो. मधली काही वर्षं धूळही खाल्ली; एकदा तर मांजरीने माझ्या आडोशाला पिल्लं घातली.

म्हणून सांगतो मित्रांनो, आम्हा वाद्यांना कोरड्या सुती कापडाने पुसा, उन्हात ठेवू नका. आणि एखादा डाग दिसलाच, तर खरवडण्याआधी तो कोणाच्या हाताचा आहे, तेवढं विचारा.