निववणारी वाटी

मी एक जुनी, चोच असलेली मातीची वाटी आहे, मित्रांनो. माझ्या काठाचा टवका उडालेला आहे आणि तो लपवायचा माझा अजिबात विचार नाही. उकळतं पाणी पोटात घ्यायचं, निववायचं आणि चहाच्या पानांवर सोडायचं, एवढं एकच काम मला येतं. पण ते मला येतं.

यामे भागातल्या डोंगरउतारावर किनुएबाईंच्या घरी मी चाळीस वर्षं आहे. त्यांचा मळा सावलीतल्या चहाचा. वसंतात कोंबांना दोन पानं फुटली की वर भाताच्या पेंढ्याचा मांडव घालायचा आणि वीस दिवस झाडांना ऊन दाखवायचं नाही. अंधारात ते पान गोड होतं. मात्र त्याच्यावर कढत पाणी ओतलं, की असं कडू होतं की पिणाऱ्याने तोंड वाकडं करावं. म्हणून मध्ये मी. किनुएबाई माझ्या पोटाला तळवा लावून तीन श्वास घेत. तोवर हात टिकला, की पाणी निवलं.

मग सून सानाए हिने पाणी हवं तेवढंच गरम करणारी विजेची किटली आणली आणि माझ्या पोटात कपड्यांचे चिमटे आले. दोन वर्षं मी अंगणात दोरीखाली बसले. माझी कीव करू नका. मातीला भट्टी सोसता येते, तिला चिमट्यांचं काय?

यंदा सानाएने सासूला स्पष्टच सांगितलं होतं, ‘‘मांडवावर चढायचं मी, पाठ मोडायची माझी. व्यापाऱ्याला फरक कळला नाही, तर पुढच्या वर्षी पेंढ्याऐवजी इतरांसारखं काळं कापड घालू.’’

तोडणी संपली आणि व्यापारी यासुताके आला. त्याच्या धंद्याची रीत अशी की परीक्षेच्या चहावर उकळतंच पाणी घालायचं, म्हणजे पानातली खोट वर येते. त्याने तसंच केलं, चमच्याने सुर्रकन ओढून थुंकलं आणि म्हणाला, ‘‘काकू, खोट नाही. पण शेजारचा कापडाखालचाही असाच लागला. एवढे कष्ट कशाला?’’

सानाए सासूकडे बघत राहिली.

किनुएबाई उठल्या. अंगणात येऊन त्यांनी माझ्यातले चिमटे जमिनीवर ओतले, मला धुतलं आणि आत नेलं.

‘‘खोट शोधून झाली ना? आता चहा प्या.’’

यासुताकेने घड्याळ पाहिलं. त्यांनी त्याच्याच पिशवीतला शेजारचा चहा मागून घेतला. मी दोनदा पाणी निववलं, एकदा शेजारच्या चहासाठी, एकदा आमच्या. घाई केली नाही. मला कुणी घाई करायला लावू शकत नाही. बिचारा घड्याळ बघून कंटाळला आणि शेवटी मांडी घालून बसला.

शेजारचा पिऊन त्याने बरा आहे अशी मान हलवली. मग आमचा. प्याल्यात जेमतेम घोटभर, शेवटचा थेंबही झटकून काढलेला. त्याने तो जिभेवर ठेवला आणि थुंकायचं विसरला. साखर नाही तरी गोड, मीठ नाही तरी समुद्राच्या शेवाळासारखा भरदार. मग त्याने प्याला परत पुढे केला. दुसरं पाणी झालं, तिसरं झालं. उरलेल्या पानांवर बाईंनी सोया सॉसचे दोन थेंब टाकले, तीही त्याने चाटूनपुसून खाल्ली.

‘‘पेंढाच ठेवा,’’ तो म्हणाला. ‘‘पण माझी गिऱ्हाइकं कढत पाणी ओततात. त्यांना काय सांगू?’’

‘‘थांबा म्हणून सांगा. तुम्हाला तोंड आहे ना?’’

तो हसला आणि जाताना मलाच मागू लागला, दुकानात दाखवायला म्हणून. बाई काही बोलणार, तेवढ्यात सानाए म्हणाली, ‘‘ती नाही मिळायची. उद्या पाणी कशात निववू?’’

त्या शरदात भात कापल्यावर सानाएनेच पेंढ्या बांधून वाळायला उभ्या केल्या. पाठीला पट्टा लावून, कुरकुरत, पण केल्या. चिमटे आता प्लास्टिकच्या बादलीत असतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं भांडं चिमटे, खिळे, मोडक्या पेन्सिली सांभाळत बसलं असेल. ते ओतून काढा, धुवा आणि त्याचं काम त्याला परत द्या. हात जोडून मागत नाही मी. आणि काम करायला त्याला जरा वेळ लागला, तर बसा मांडी घालून. मी वेळ घेणारच.