दोन लाल डबे

माझा नवरा मर्ल याला हिवाळ्यात अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. उजवा हात लुळा पडला, पाय मात्र सुधारला. पण चालायचं ते वॉकर धरून, आणि वॉकर धरून हा बाबा दाराबाहेर पाऊल टाकेल तर शपथ! डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तोंडावर सांगितलं होतं, "रोज बाहेर चालला नाहीत तर खुर्चीतून उठणं विसराल." ह्याचं आपलं एकच, "गल्लीला तमाशा दाखवू काय?" मी ओरडले, विनवण्या केल्या, एकदा तर मागच्या दारी जाऊन रडलेसुद्धा. खिडकीतली खुर्ची काही सुटेना.

आमच्या ओहायोतल्या ह्या गल्लीत शनिवारी सकाळी जो तो आपल्या हिरवळीची कड कापतो. फुटपाथवर गवताचं एक पातं आलेलं चालत नाही. आणि शेजाऱ्याच्या हद्दीतली थोडी कडही कापून द्यायची, ही रीत. शेजारच्या क्लाइडने त्याप्रमाणे आमची हातभर कड कापली होती. तिथून पुढे आमचं नुसतं जंगल! मर्ल खिडकीतून ते बघायचा आणि तोंड फिरवायचा.

एका शनिवारी माझं डोकंच फिरलं. शेडमधून कड कापायचं यंत्र बाहेर ओढलं. चार चाकं, एक दांडा, पुढे उभं पातं आणि पेट्रोलवर चालणारं इंजिन. फळीवर पेट्रोलचे लाल डबे होते, हाताला आला तो टाकीत ओतला आणि इंजिनची दोरी हिसडली. हिसडली, हिसडली, खांदा निखळायची वेळ आली, तेव्हा कुठे ते मेलं खोकत सुरू झालं. दांडा ढकलत निघाले तर पातं एकदा हिरवळीत घुसायचं, एकदा सिमेंटवर ठिणग्या उडवायचं. मागे निळा धूर नुसता लोटत होता.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"व्हर्ना! बंद कर! आधी बंद कर ते!"

पायजम्यावर, वॉकर आपटत, मर्ल अंगणातून येत होता. मी इंजिन बंद केलं.

"कुठल्या डब्यातलं घातलंस?"

"लाल."

"दोन्ही लालच आहेत, बाई! एकात तेल मिसळलंय, ते फिरत्या नायलॉन दोरीने गवत छाटायच्या मशीनसाठी. ह्याला साधं पेट्रोल लागतं. धुराचा रंग दिसत नाही?"

"मग डब्यावर लिहायला काय हात दुखत होते तुझे?"

"मला माहीत होतं ना!"

"तुला माहीत होतं. आणि मी कुणाला विचारू रे? तू तर खिडकीत बसलायस."

वॉकर जवळ सरकवून तो म्हणाला, "प्लगची वायर काढ आधी. पात्याजवळ हात न्यायचा तर पहिलं तेच काम."

वायर काढली, टाकी रिकामी केली, साधं पेट्रोल भरलं. पात्यात अडकलेलं गवत काढून वायर पुन्हा लावली. "गार असेल तर चोक ओढ. पकडलं की हळूहळू सोड. हळू म्हटलं ना, म्हशी!" इंजिन गुरगुरलं, धूर नाही. एका हाताने वॉकर पुढे सरकवत, थांबत, तो माझ्या बाजूने चालला. "एक चाक फुटपाथवर ठेव. ढकलू नकोस, त्याला जाऊ दे."

क्लाइड पलीकडून बघत होता. वॉकरबद्दल अवाक्षर नाही. टोपी वर करून म्हणाला, "मर्ल, कड वाकडी आलीय हं."

"माझी नाही, तिची आहे. तिलाच सांग!"

आमची हद्द संपली तशी मी थांबले.

"थांबलीस का? क्लाइडची हातभर राहिली की."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. धुराचं निमित्तही नव्हतं आता.

त्याला बरेच शनिवार झाले. साधं पेट्रोल डाव्या डब्यात आहे, हे आता झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण परवाही मी उजवाच डबा उचलला आणि चांगला उंच धरून खिडकीसमोर उभी राहिले. आतून लगेच आरडाओरडा, आणि पाठोपाठ वॉकरची खटखट.

डब्यांवर मी अजून काही लिहिलेलं नाही.