बाटलीतल्या हिरव्या कणांचा सूड

मित्रांनो, मी चमकणाऱ्या सूक्ष्म कणांची एक जुनी बाटली आहे. जालन्यातल्या एका प्रयोगशाळेत अंबरीननं मला तयार केलं. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पडला, की माझे कण हिरवे चमकतात. ऊब वाढली, की ती छटा बदलते. त्यामुळे कातडीखालचं मांस किती तापलंय, ते कॅमेऱ्याला बाहेरूनच कळतं. अंबरीन मला मोठ्या कौतुकानं सगळ्यांना दाखवायची.

मग टेंभुर्णीच्या लालबीची बकरी आली. तिच्या मांडीतली गाठ उष्णतेनं जाळायची होती. सुईनं माझे थोडे कण गाठीत सोडले. गाठ तापवायचं यंत्र प्रयोगशाळेतल्या कल्याण सरांच्या हातात होतं आणि अंबरीन पडद्यावर माझी छटा बघत होती.

"सर, थांबवा. आत लई तापलंय," ती म्हणाली.

सर थांबले नाहीत. त्यांना लवकर उरकायचं होतं. गाठीबरोबर चांगलं मांसही भाजलं. बकरी काही दिवस तळमळली आणि मेली. लालबीला सरांनी सांगितलं, बकरी हलली म्हणून असं झालं. वरिष्ठांना सांगितलं, अंबरीनचे कण चुकीचं तापमान दाखवतात. तिचं काम बंद पडलं, मी कपाटात गेले. माझे कण तळाशी बसले, पण राग बसला नाही. या माणसाची मान सगळ्यांसमोर खाली जावी, एवढंच मी धरून होते.

अंबरीनही विसरली नव्हती. उघड चाचणी घ्या, म्हणून ती वरिष्ठांच्या मागेच लागली. अखेर ते तयार झाले, तेव्हा तिनं लालबीलाही बोलावून घेतलं. मला खळखळून हलवलं, मटणाच्या तुकड्यात सोडलं आणि त्याच जागी तापमापकाची सुई खुपसली. तुकडा तापत गेला. माझ्या छटेवरून निघालेला आकडा आणि सुईचा आकडा दर वेळी जुळला. इतक्या त्वेषानं मी कधी चमकले नव्हते. सरांच्या कपाळावर घाम फुटला आणि मला फार बरं वाटलं.

सर पुटपुटले, की त्या दिवशी बकरीच हलली होती.

लालबी उठली. "भूल तुम्हीच दिल्ती ना साहेब? मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्ते. भूल दिलेली बकरी कशी हलंल?"

त्याच दिवशी वरिष्ठांनी सरांकडून यंत्र काढून घेतलं. नंतर ते अंबरीनची माफी मागायला आले. तिनं कामातून मान वर केली नाही. मलाही दया आली नाही.

मित्रांनो, खरं मोजणाऱ्याला खोटं ठरवून कपाटात कोंडू नका. आम्ही तिथं वाट बघत बसतो.